वाचकांचे प्रश्न : उलिक्सेस, पिऱ्हुस आणि इतर मंडळी

प्रश्न : आमचा नाट्यगट रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनीड’ या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गावर, म्हणजे ट्रॉयच्या पाडावावर, दीर्घांक बसवतो आहे. एका इंग्रजी भाषांतरात युलिसिस आहे, दुसऱ्यात ओडिसिअस. निओप्टोलेमस मध्येच पिऱ्हस होतो. पात्रयादी कशी करावी?
— दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : मूळ लॅटिनमध्ये ‘उलिक्सेस’ आहे. तेच ठेवा, किंवा प्रेक्षकांच्या ओळखीचं म्हणून युलिसिस. ओडिसिअस मात्र नको. ते होमरच्या नायकाचं नाव. या सर्गात कथा सांगतो तो पराभूत ट्रॉयचा एनिअस, आणि त्याच्या लेखी उलिक्सेस हा कपटाचा कारखाना आहे.

निओप्टोलेमुस आणि पिऱ्हुस एकच, ग्रीक वीर अकिलीजचा मुलगा. संहितेत कुठलंही एक नाव धरा. खरा घोटाळा ‘पेलिदेस’चा आहे. ‘पेलेउसच्या वंशातला’ एवढाच त्याचा अर्थ, आणि एरवी ते नाव पेलेउसच्या मुलाचं, अकिलीजचं. पण लाकडी घोड्यातून उतरणाऱ्यांच्या यादीत (ओळ 263) ते नातवाला, निओप्टोलेमुसला लावलं आहे. पुढे ट्रॉयचा राजा प्रियाम याला मारताना हाच नातू ‘जा, पेलिदेसला, माझ्या बापाला सांग’ म्हणतो (ओळी 547-548), तेव्हा पेलिदेस म्हणजे अकिलीज. एकाच सर्गात दोन माणसं! भाषांतरात ‘पेलेउसपुत्र’ असं छापलं असेल तर पहिल्या जागी ते सरळ चूक आहे. ‘आत्रिदेस’चंही (आत्रेउसच्या वंशातला) तसंच: अगामेम्नॉन की मेनेलाउस, ते संदर्भावरून ठरवायचं.

आता ग्रीक नावं लॅटिनमध्ये का बदलतात? बरीचशी लिखित ग्रीकवरून आली आणि ठरीव नियमांनी बदलली. शेवटचा ‘ओस’ जाऊन ‘उस’ होतो (मेनेलाओस–मेनेलाउस, पात्रोक्लोस–पात्रोक्लुस). आधी व्यंजन असलेल्या ‘रोस’चा ‘एर’ होतो (तेउक्रोस–तेउकेर, अलेक्सान्द्रोस–अलेक्सान्देर). या चाकोरीत न बसणारं नाव बहुधा तोंडी, जुन्या काळी आलेलं असतं. हेराक्लेस एत्रुस्कनांकडे (रोमनांचे इटलीतले शेजारी) ‘हेर्क्ले’ झाला, रोममध्ये हेर्कुलेस. पोल्युदेउकेसचा (कास्तोरचा जुळा भाऊ) पोल्लुक्स झाला, रोमजवळच्या लाविनिअमच्या इ.स.पू. सहाव्या शतकातल्या कांस्यपटावर तो अर्ध्या वाटेवर, ‘पोद्लूक’च्या जवळपासच्या रूपात दिसतो. उलिक्सेसमधला ‘ल’देखील रोमनांच्या पदरचा नव्हे. अथेन्सच्या चित्रित कुंभांवर ‘ओल्युत्तेउस’ अशी ग्रीक रूपंच लिहिलेली आहेत.

प्रश्न : लॅटिन कवी हर्क्युलिसला सारखं ‘अल्किदेस’ का म्हणतात? अल्किदेस हा त्याचा बाप का?
— अलकापुरी

उत्तर : बाप नव्हे, आजोबा. हर्क्युलिसचा बाप अँफिट्रिऑन, त्याचा बाप अल्केउस, त्यावरून अल्किदेस, म्हणजे अल्केउसच्या वंशातला. कारण मात्र निव्वळ वृत्ताचं आहे, आणि आपल्या गणांनी ते झटकन कळतं. महाकाव्याचं षट्पदी वृत्त भ गण (गा ल ल) आणि दोन गुरू यांवर चालतं. ‘हेर्कुलेस’ हा र गण, गा ल गा. दोन गुरूंमध्ये एकटा लघू या वृत्ताला चालतच नाही, म्हणून प्रथमेतलं हे नाव कवीला वापरताच येत नाही. ‘अल्किदेस’ म गण आहे, तीनही गुरू; तो आरामात बसतो. षष्ठीचं ‘हेर्कुलिस’ मात्र पुढच्या शब्दाच्या आरंभी स्वर असला की भ गण होतं, त्यामुळे ते सापडतं. पार्थ, कौंतेय, धनंजय यांतून निवड करणाऱ्या आपल्या कवींना यात नवल वाटणार नाही.

प्रश्न : रोमन नाटककार प्लाउतुसच्या प्रहसनात ‘हेर्क्ले’, ‘एकास्तोर’ असे शब्द पानोपानी आहेत. ही पात्रं आहेत का?
— रावपुरा

उत्तर : नाहीत, शपथा आहेत. ‘हेर्क्ले’ पुरुषांच्या तोंडी, ‘एकास्तोर’ बायकांच्या; पोल्लुक्सवरून आलेलं ‘एदेपोल’ दोघंही म्हणतात. मराठी करताना वीरांची नावं आणू नका, ‘देवाशपथ’, ‘आई गं’ असं पात्राला शोभेल ते घाला.

प्रश्न : लॅटिन शब्दकोशात ‘एजॅक्स’ या ग्रीक वीराचं नाव सापडत नाही.
— वाडी

उत्तर : ‘जे’च्या जागी ‘आय’ अक्षर घालून शोधा: आयाक्स. जेसनही तसाच, इआसोन. पाठात ‘आयाकिस’ दिसलं तर ती आयाक्सची षष्ठी; कोशात प्रथमाच मुख्य नोंद असते. आणि आयाक्स दोन आहेत, हे विसरू नका. ‘इनीड’च्या पहिल्या सर्गात विजेने जळणारा ओइलेउसचा, रोमन कवी ओविदच्या ‘मेटामॉर्फोसेस’ या काव्याच्या तेराव्या भागात अकिलीजच्या शस्त्रांसाठी उलिक्सेसशी वाद घालणारा तेलामोनचा.