आईवडील दोन शहरांत असतील तर मुलीच्या भेटीचा कोर्टाचा आदेश पाळायचा कसा?

दादा, तुम्ही नांदेडला, मुलगी आईजवळ पुण्यात, आणि आदेश महिन्यातून दोन शनिवारी पुण्याच्या कोर्टात दोन-दोन तास भेटीचा. रजा मिळत नाही, भेटी चुकतात, काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी दुसऱ्या बाजूची आहे. लातूरला राहते, मुलगा माझ्याजवळ, त्याचे वडील पुण्यात.

भेटी चुकवत बसण्यापेक्षा आदेशच बदलून घ्या. ताब्याचा आणि भेटीचा आदेश ही काळ्या दगडावरची रेघ नसते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली परिस्थिती बदलली की त्यात बदल मागता येतो. मुलीची आई तयार असेल तर दोघांच्या सहीची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, द्या, तारखा वाचतात.

दोन तासांच्या भेटी कमी करून मुक्काम मागा. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी, जमेल तसा एखादा शनिवार-रविवार, आणि रोज व्हिडिओ कॉल. २०२० च्या यशिता साहू प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की, विशेष कारण नसेल तर मूल ज्याच्याकडे नाही त्या पालकाला रोज ५ ते १० मिनिटं बोलण्याचा हक्क असावा. हा निकाल वकिलांना आवर्जून दाखवा. मात्र मधे बराच खंड पडला असेल तर एकदम आठ दिवस मागू नका. आधी दिवसभर, मग एक रात्र. लेकराला तेवढा वेळ द्यायलाच पाहिजे.

आणि आदेशात बारीकसारीक सगळं लिहून घ्या. आमच्या पहिल्या आदेशात नुसतं 'सुट्टीत वडिलांकडे' एवढंच होतं. आणायचं कोणी, सोडायचं कोणी, यावरून दर वेळी वाद. आता लिहिलेलं आहे: वडील लातूरच्या बसस्टँडवरून नेतील, शाळा उघडायच्या दोन दिवस आधी मी पुण्याहून आणीन. सगळ्यात मोठं भांडण येळवसचं, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावस्येच्या सणाचं होतं. त्या दिवशी आमच्याकडे घरटी माणूस शेतात असतो, पण पुण्याच्या सुट्ट्यांच्या यादीत तो सण नाही, त्यामुळे कागदावर कोणालाच सुचला नव्हता. मुलाच्या आजोबांचं शेत औशाजवळ आहे. भज्जी-आंबील त्याने तिथेच, त्यांच्या पंगतीत खावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून तेही मी पुरसिशीत घालायला लावलं. वडीलही त्या दिवशी पुण्याहून येतात.

भेट होत नाही म्हणून पोटगी थांबवू नका, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. आणि रागाच्या भरात मुलीला शाळेतून परस्पर घेऊन जाऊ नका. त्याने तुमचीच बाजू पडते, आणि घाबरते ती मुलगी.

अर्ज दिवाळी झाली की लगेच करा. मे महिन्यात कोर्टालाही सुट्टी लागते, आणि तोवर निर्णय झाला नाही तर उन्हाळा हातचा जाईल.