जर्मन भावजय पुण्यात रमेल का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ तीन वर्षांसाठी चाकणच्या कारखान्यात बदलून येतोय. त्याची बायको जर्मन. तिला विणकाम, शिवण आणि जॅम-जेली करण्याची फार आवड, आणि वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचल्याशिवाय तिची सकाळ होत नाही. तुम्ही नागपूरला, पुण्यात जवळचं कोणी नाही. ती इथे रमेल का, की दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी पडेल? आणि येताना सामानात काय आणावं?

माझं लहानपण सदाशिव पेठेत गेलं, आता मी औंधला राहते. औंध, बाणेर, पाषाण या भागात चाकण-हिंजवडीला कामाला जाणाऱ्यांची परदेशी कुटुंबं बरीच आहेत. आमच्याच इमारतीत डच, कोरियन, जर्मन शेजारी राहून गेले. त्यांतल्या काही बायका इथे मनापासून रमल्या, काहींनी परतीच्या तारखेकडे डोळे लावून दिवस काढले. मला दिसलेला फरक असा की, ज्यांनी आपला छंद वेळ जावा म्हणून एकटीने चालवला, त्यांना पुणं परकंच राहिलं. ज्यांच्या हातचं काम इथल्या कुणाच्या तरी उपयोगी पडायला लागलं, त्यांना ओळखी मुद्दाम काढाव्या लागल्या नाहीत. आणि तुमच्या भावजयीसाठी हे अवघड नाही, कारण आपल्याकडे हातकामाला पंचांगातली तारीख असते आणि ते घेणारं माणूसही बहुतेक ठरलेलं असतं.

विणकामापासून सुरू करते, कारण पहिली शंका तिथेच येते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा पंखा लागतो, अशा गावात मफलर आणि मोजे कोण घालणार? पण पुण्यातली लोकर मुख्यतः बाळांसाठी असते. घरात बाळ येणार म्हटलं की बाळंतविडा करायला घेतात: झबली, टोपडी, दुपटी, खणाची कुंची, स्वेटर-टोपी-मोज्यांचा जोड. हल्ली सगळं विकत मिळतं, तरी हातचा बाळंतविडा आला की घरातली आजी प्रत्येक कपडा उलटा करून टाके बघते, आतून गाठ टोचत नाही ना याची खात्री करून घेते. भावजयीला सांगा, आल्यावर पहिल्यांदा इमारतीत कुणाकडे बाळ येणार आहे त्याची चौकशी करायची. आमच्या डच शेजारणीने मऊ सुती दोऱ्याचं टोपडं विणून खालच्या मजल्यावर दिलं होतं. बारशाला तिला पाळण्याजवळ बसवलं, पाळण्याचं गाणं तिला कळत नसतानाही ती ताल धरत होती, आणि त्यानंतर दुपारचा चहा तिने घरी एकटीने प्यायल्याचं मला आठवत नाही.

सुती दोरा मी मुद्दाम लिहिला. इथल्या हवेला तोच बरा पडतो. दुकानांत लोकर मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिकची, शुद्ध लोकरीसाठी शोधाशोध करावी लागते. तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्त्याच्या आसपास सुया, क्रोशाचे हूक, भरतकामाच्या दोऱ्यांच्या लडी, लेस, अस्तर सगळं हाताशी आहे. मणी, तारा, रिबिनी घाऊक हव्या असतील तर रविवार पेठेत बोहरी आळी. पहिल्यांदा जाताना मराठी बोलणारं कुणीतरी बरोबर असू द्या, तेही शनिवार-रविवार सोडून, नाहीतर गर्दीतच जीव दमतो.

शिवणाची आवड असेल तर मात्र तिने गोधडी शिकायलाच हवी. जर्मनीत तिने रंगीत तुकडे मोजूनमापून जोडलेली पांघरुणं शिवली असतील. आपली गोधडी वेगळ्या विचाराने होते. वापरून वापरून मऊ झालेली सुती लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, सुरकुती राहू द्यायची नाही, मोठ्या टाक्यांनी थर धरून ठेवायचे आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत यायचं. टाका लहान आणि सारखा पडला की गोधडी वर्षानुवर्षं धुतली तरी आतले थर सरकत नाहीत. यात नवं कापड घालायचं नसतं. म्हणून शिकायला बसली की जुनी लुगडी मागायला शेजारणींच्या दारात जावं लागतं, आणि प्रत्येक लुगड्याबरोबर ते कुणाचं, कधी नेसलं होतं हे ऐकावं लागतं. माझ्या आजीच्या गोधडीत तिच्या सासूचं इरकली होतं, तो काठ मी अजून हाताने ओळखते. परक्या घराशी ओळख होण्याचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. हातशिवणीच्या गोधड्या करणाऱ्या बायका शहरात अजून आहेत. घरकामाला येणाऱ्या मावशींना विचारलं तर त्यांच्याच ओळखीतली कुणीतरी निघते.

जॅमचं सांगायचं तर पुण्याची मंडई तिला आवडेल. महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६ची. तेव्हा तिला लॉर्ड रे या गव्हर्नरांचं नाव होतं, आणि नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बातम्या आवडणाऱ्या माणसाला ही गोष्ट नक्की सांगा. हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी येते, पुढे पुरंदरचे अंजीर, मग कैऱ्या. स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट धरवणारा फळातलाच घटक, कमी असतं, त्यामुळे जॅम पातळ राहतो. पेरूत ते भरपूर, म्हणून पेरूची जेली सुंदर धरते आणि रंगही गुलाबीसर येतो. जर्मनीत पेक्टिन घातलेली खास साखर मिळते, ती वापरली की फळाच्या निम्मीच साखर पुरते. असा कमी साखरेचा जॅम आपल्या जून-जुलैच्या दमट हवेत उघडल्यावर बाहेर ठेवायचा नाही, फ्रिजमध्येच ठेवायचा. बरणीत वर्षभर बाहेर टिकणारं काही हवं असेल तर तिला कुणाकडून तरी साखरांबा शिकू द्या. कैरीच्या फोडी, भरपूर साखर, पाक नेमका कधी उतरवायचा याची नजर: हे कृती लिहून घेऊन येत नाही, शेजारी उभं राहूनच येतं. एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया-पापड घालणाऱ्या बायका असल्या तर तिथेही तिला न्या. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून सोऱ्याने कुरडई घालायची म्हणजे एकटीचं काम नाहीच, जादा हात हवेच असतात.

संक्रांतीच्या आधी काटेरी हलवा करणारं घर सापडलं तर फारच छान. तीळ किंवा खसखस परातीत घेऊन मंद आचेवर चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. घाई केली की काटा येत नाही, आच वाढली की साखर पिवळी पडते. त्या हलव्याचे दागिने नव्या सुनेला आणि बोरन्हाणाला बाळाला घालतात. विणकाम करणाऱ्या बाईला हा धीर आधीच असतो.

आणि दिवाळी. सॅक्सनीतल्या हेर्नहुट गावचा टोकदार कागदी तारा जर्मन घरांत नाताळाआधीच्या आठवड्यांत लावतात. तो घडवता येत असेल तर चांदणीचा आकाशकंदील तिला एका दुपारीत जमेल. तो तिने सोसायटीतल्या मुलांना घेऊन करावा. किल्ल्याची माती कालवताना मुलं भाषा बघत नाहीत. लग्नघरात रुखवत मांडायची वेळ आली तरी हाताने सुबक काम करणारीला आपणहून बोलावणं येतं.

पेठांतली तांबट आळी आणि बुरूड आळी तिने एकदा पायी फिरून बघावी. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकेक ठोका देऊन मठारकाम करतात, तो आवाज गल्लीच्या तोंडापासून येतो. राजा दिनकर केळकर संग्रहालय मात्र एका दिवसात उरकू नये. अडकित्ते, दिवे, फण्या, पाय घासायच्या वज्री, भरतकाम, म्हणजे रोजच्या वापरातल्या वस्तू कुणी किती जीव लावून घडवल्या हे एका माणसाने आयुष्यभर जमवून ठेवलंय. हस्तकलेची आवड असलेलं कुणीही तिथे तासन् तास थांबतं.

आता वर्तमानपत्राचं. ही आवड छंदात मोजत नाहीत, पण माझ्या मते तिच्यासाठी तीच सगळ्यात कामाची आहे. सुरुवातीला इंग्रजी दैनिकांच्या पुणे आवृत्त्या घ्याव्यात, आणि जगाच्या बातम्यांपेक्षा शहराचं पान आधी वाचावं. पुण्यात पावसाळ्यात प्रत्येक माणसाच्या तोंडी एकच आकडा असतो: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून किती टीएमसी पाणी झालं. चारही भरली की सुमारे २९ टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. जूनअखेर साठा तळाला असला की आठवड्यातून एक दिवस पाणी बंद होईल का याची काळजी, जुलैत खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली गेला का याची चौकशी. हे तिला कळायला लागलं की लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, रिक्षात तिच्याकडे बोलायला विषय असेल. सत्तरीच्या पुढच्या कुणालाही तिने १२ जुलै १९६१ बद्दल विचारावं. पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचंही फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. माझे वडील त्या दिवसाबद्दल बोलायला लागले की त्यांचा चहा गार व्हायचा. मेट्रोचा नवा टप्पा, टेकडीवरून रस्ता काढावा की नाही, नदीकाठ सुधार प्रकल्पात किती झाडं जाणार, पालख्यांच्या मुक्कामात कोणते रस्ते बंद, या सगळ्यांवर इथे प्रत्येकाला मत असतं आणि ते ऐकणारं माणूस हवंच असतं.

देवनागरी अक्षरं मन लावून शिकली तर काही महिन्यांत तिला मराठी मथळे वाचता येतील. रोज एक मथळा मोठ्याने वाचून शेजारच्या आजोबांकडून दुरुस्त करून घ्यायचा, एवढा नेम पुरे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून चालू आहे, तिथे वर्तमानपत्रं वाचत बसलेली माणसं दिसली की या गावाचं वाचनवेड तिला समजेल. आणि एप्रिल-मेमध्ये वसंत व्याख्यानमाला असते, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली. भाषणं मराठीत, पण जुजबी मराठी आल्यावर एका संध्याकाळी तिने जाऊन बसावं.

उलट बाजूनेही तिची गरज आहे, हे तिला आवर्जून सांगा. पुण्यात जर्मन शिकणारी मुलं खूप. बोट क्लब रस्त्यावर मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्येही परकीय भाषांचे वर्ग चालतात. व्याकरण पाठ असलेल्या पण बोलायला कुणी नसलेल्या मुलांना आठवड्यातून एक तास गप्पा मारायला जर्मन माणूस मिळणं ही मोठी गोष्ट असते. बदल्यात ती मुलं तिला मराठी देतील, आणि मंडईतही घेऊन जातील. यातून किंवा विणलेल्या वस्तू विकून पैसे घ्यायचा विचार असेल तर मात्र तिच्या व्हिसावर काय करायला परवानगी आहे हे भावाने आधी नीट विचारून घ्यावं.

सामानाचं: लोकर आणू नका, वजन उगाच वाढेल. तिच्या सवयीच्या सुया, विशेषतः वायरने जोडलेल्या गोल सुया, जरूर आणाव्यात, कारण हवं ते माप इथे लगेच मिळेलच असं नाही. बाळांच्या कपड्यांचे नमुने, चांगली कात्री (ती विमानात हातातल्या बॅगेत नको), पेक्टिनच्या साखरेची दोन-चार पाकिटं. बरण्या इथे हव्या तेवढ्या मिळतात. यायचा महिना निवडता येत असेल तर नोव्हेंबर बघा. हवा छान असते आणि संक्रांत हातात राहते. घर कुठल्या भागात घेताय ते ठरलं की इथेच लिहा, जवळचं वाचनालय आणि लोकरीचं दुकान मी सांगते.