स्पितीला जा, पण त्या फॉर्मवर सही नको

प्रश्न : मी नाशिकला राहतो. दोन वर्षांपूर्वी घेतलेली बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे, वॉरंटी अजून वर्षभर बाकी. जानेवारीअखेर मी, बायको आणि मेहुणे शिमल्याकडून स्पितीला निघतोय. थंडीत गाडी दमू नये म्हणून पुण्यातल्या एका ट्यूनरकडे, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्याकडे, ‘विंटर मॅप’ करायचं ठरवलं. ३८,००० रुपये सांगितले, १२,००० यूपीआयने दिले. तो व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणतो स्टेज १ करा (फक्त सॉफ्टवेअरने ताकद वाढवणं), नाहीतर स्टेज २ करा डीपीएफ ऑफसकट (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर बंद करून). थंडीत डीपीएफ चोक होतो म्हणून दुसराच बरा. कामाआधी एका फॉर्मवर सही हवीय. सर्व्हिस सेंटरमधला ओळखीचा म्हणतो, वॉरंटी जाईल. मेहुणे म्हणतात, बर्फात कोण आरटीओ बघायला येतोय! कोणता मॅप घेऊ? आणि नको म्हटलं तर अ‍ॅडव्हान्स बुडाला का? पावतीवर ‘परत मिळणार नाही’ असं छापलंय.

उत्तर : तुम्ही फॉर्मचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. त्यातल्या दोन ओळी इथे देते : ‘सदर काम फक्त ऑफ-रोड व स्पर्धेच्या वापरासाठी आहे. वॉरंटी, विमा व आरटीओसंबंधी सर्व जबाबदारी वाहनमालकाची राहील.’ आता तुमचा रस्ता बघा. शिमला, रामपूर, किन्नौर, मग काझा. हा सगळा राष्ट्रीय महामार्ग आहे. खड्डे कितीही असोत, कायद्याच्या लेखी तो ‘ऑफ-रोड’ नाही. म्हणजे या फॉर्मवर सही करून तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून देताय की हे काम रस्त्यासाठी नाही हे मला माहीत होतं, तरी मी गाडी रस्त्यावर नेली. उद्या काही झालं तर हा कागद पहिल्यांदा कोणाच्या फाइलला लागेल, सांगा. तुमच्या तर नक्कीच नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि निर्मात्याने मुळात ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम बरंच कडक वाचलं. ट्यूनर मंडळी यावर म्हणतात, ‘सॉफ्टवेअरच तर आहे, पार्ट कुठे बदललाय?’ तुमचं आरसी कार्ड काढून बघा. नव्या पद्धतीच्या कार्डावर घनक्षमतेच्या जोडीला अश्वशक्तीचाही रकाना असतो. स्टेज १ नंतर तो आकडा खोटा ठरतो. स्टेज १ बद्दल वाद घालायला वकिलाला थोडी जागा आहे, हे मी मान्य करते. पण तो वाद तुमच्या खर्चाने होणार.

डीपीएफ ऑफला मात्र तेवढीही जागा नाही. ते थेट प्रदूषणाचं मानक मोडणं आहे. कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. पीयूसी निघालं म्हणून बदल कायदेशीर ठरत नाही. ती चाचणी उभ्या गाडीच्या धुराची असते, डीपीएफ जागेवर आहे का हे ती बघत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ चं पोटकलम ४ नेमकं मालकाला धरतं : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. ट्यूनर फॉर्मवर जबाबदारी तुमच्या गळ्यात का घालतोय, ते आलं ना लक्षात?

मेहुण्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. काझाला आरटीओ येणार नाही. विम्याचा सर्व्हेअर येईल. गाडीतला बदल विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंदवला नसेल, तर स्वतःच्या गाडीचा क्लेम पूर्ण नाकारायला किंवा कापून द्यायला कंपनीला आयतं कारण मिळतं. अपवादाचं कलम लागू होतं हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो हे खरं, पण तुमची सही असलेला फॉर्म हातात आल्यावर तो भार कितीसा उरतो? समोरच्या जखमीचं प्रकरण वेगळं. थर्ड पार्टी भरपाई टाळायला विमा कंपनीकडे जी मोजकी कारणं कलम १५० मध्ये दिलीत, त्यात गाडीतला बदल नाही. तेवढ्यापुरतं तुम्ही निश्चिंत राहा.

वॉरंटी हा करार आहे. पुस्तिकेत अनधिकृत बदलाचं कलम असतंच, जेवणानंतर सावकाश वाचा. माझ्या मते गाडीच्या कंपनीने बिघाड आणि बदल यांचा संबंध दाखवायला हवा. मॅपमुळे एसीची वॉरंटी जाऊ नये. पण टर्बो, इंजेक्टर, क्लच गेले तर हा संबंध दाखवणं त्यांना अवघड नाही. ‘सर्व्हिसच्या आधी स्टॉक करून देतो’ या आश्वासनावर विसंबू नका. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, किती वेळा फ्लॅश झाला (त्यात नवं सॉफ्टवेअर भरलं) याची मोजणी बऱ्याच गाड्यांत राहते. आणि बदल लपवून वॉरंटीत दुरुस्ती करून घेणं म्हणजे फसवणूक. त्यात मी तुमचं वकीलपत्र घेणार नाही.

कोणता मॅप, याचं उत्तर खरं म्हणजे वकिलाने देऊ नये. तरी राहवेना म्हणून सातपूरच्या माझ्या मेकॅनिकला फोन केला. तो हसला. बर्फावर जास्त टॉर्क म्हणजे चाक जागच्या जागी फिरणार. तिथे हलका पाय आणि दुसऱ्या गिअरला उचलणं लागतं, किंवा गाडीत स्नो मोड असेल तर तो. काझा सुमारे ३,७०० मीटरवर आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून कमी. तिथे इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो मुळातच जास्त पळत असतो. स्टेज १ त्याच्याकडून आणखी बूस्ट मागणार. मग थंडीत गाडी अडते कशाने? डिझेलने. आपल्याकडच्या पंपावरचं डिझेल कडाक्यात मेणासारखं गोठतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं ते याचसाठी. तुमच्या वाटेवर थंडीचं डिझेल कुठे मिळतं ते निघण्याआधी विचारून घ्या, आणि नाशिकची भरलेली टाकी वरपर्यंत नेऊ नका. गाडीत अ‍ॅडब्लू (धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव) असेल तर ते उणे ११ ला गोठतं. यांतलं काहीही मॅपने सुटत नाही. तेव्हा ३८,००० मधले थोडे चांगल्या बॅटरीवर, चाकांच्या साखळ्यांवर घाला. ताजा बर्फ पडला की साखळ्यांवाचून पोलीस पुढे सोडत नाहीत, हा कायदा तिथे रस्त्यावरच भेटतो.

आता १२,००० कडे येऊ. ‘परत मिळणार नाही’ हे छापून टाकल्याने विषय मिटत नाही. करार कायद्याचं कलम ७४ तुमच्या उपयोगाचं आहे : करार मोडला तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आधी आकडा लिहून ठेवला म्हणून तो आपोआप खिशात जात नाही. तुमच्या गाडीला अजून लॅपटॉपही लावलेला नाही. ट्यूनरचं नुकसान काय झालं ते त्याने दाखवावं. फार तर स्लॉट अडवल्याचे काही पैसे कापेल.

एक गोष्ट नाजूक आहे. पावतीवर नुसतं ‘विंटर मॅप’ आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपवर डीपीएफ ऑफची चर्चा झालीय असं तुम्हीच लिहिलंत. बेकायदा कामाचा करार कलम २३ खाली रद्दबातल ठरतो, आणि दोघेही सारखेच दोषी असले की न्यायालय कोणालाच हात देत नाही. मात्र काम होण्याआधीच जो माघार घेतो त्याची बाजू ऐकून घेतली जाते. म्हणून गाडी त्याच्या गॅरेजला उभी करायच्या आत लेखी नकार गेला पाहिजे. चॅट पुसू नका. अर्धवट चॅट पूर्ण चॅटपेक्षा वाईट दिसतं, हे मी कोर्टात पुरेसं पाहिलंय.

मजकूर साधा ठेवा : ‘दिनांक अमुकच्या पावतीने मी आपणास १२,००० रुपये दिले. काम सुरू झालेले नाही. आपण सुचवलेला बदल माझ्या वाहनास कायद्याने चालणारा नाही असे कळल्याने मी काम रद्द करत आहे. १५ दिवसांत रक्कम परत करावी.’ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि स्पीड पोस्टानेही. दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. ट्यूनर पुण्याचा असला तरी तुम्ही राहता त्या नाशिकला ती दाखल होते, एवढ्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ऑनलाइनही भरता येते आणि वकील लागत नाही. हे मीच सांगतेय, म्हणजे बघा.

आणि ट्यूनर म्हणेल, ‘या एकदा, बसून बोलू, पावती घेऊन या.’ जा, चहा प्या, पण मूळ पावती घरीच ठेवा. मोबाईलमधला फोटो दाखवा.