मोतीचं नाक आपल्याला मिळालं तर?

प्रश्न : आमच्याकडे मोती नावाचा गावठी कुत्रा आहे. संध्याकाळी फिरायला नेलं की प्रत्येक खांब, प्रत्येक टायर हुंगत उभा राहतो, मी पट्टा ओढत राहते पण हा हलत नाही. आंघोळ घातली की लगेच जाऊन मातीत लोळतो. परवा मुलगी म्हणाली, आई, आपल्याला मोतीसारखं नाक असतं तर कसं वाटलं असतं? मला काही सांगता येईना. – एक वाचिका, नाशिक

उत्तर : ताई, मुलीचा प्रश्न एकदम भारी आहे. फक्त अदलाबदल करायची तर पूर्ण करूया, नाक मोतीचं आणि डोळे आपले असं नको. त्याचे डोळे घेतले की लाल रंग गेलाच समजा. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या दोनच, त्यामुळे त्याला निळा-पिवळा नीट कळतो पण लाल-हिरव्यात गल्लत होते. मे महिन्यातला फुललेला गुलमोहर बघून तुम्ही थांबणारच नाही, पानं आणि फुलं सगळं साधारण मळकट पिवळसरच दिसेल. लांबचंही धूसर. मला स्वतःला हे जड जाईल.

आता नाक. मोती धुळीत हुंगत असेल तेव्हा जरा खाली बसून बघा, त्याच्या नाकपुड्यांना बाजूला एकेक चीर असते, श्वास सोडताना हवा तिथून बाजूला आणि मागे जाते, म्हणजे समोरचा वास उडून जात नाही आणि पुढचा श्वास लगेच घेता येतो, असं सेकंदाला साधारण पाच वेळा चालतं. आत गेलेली हवासुद्धा वाटली जाते, बरीचशी फुफ्फुसात आणि थोडी वेगळ्या वाटेने नाकाच्या मागच्या भागात, तिथे फक्त वासाचंच काम. वास पकडणारे रिसेप्टर आपल्यात साधारण ४०० प्रकारचे, कुत्र्यात त्याच्या दुप्पट, आणि ते ज्या पेशींवर असतात त्या तर कितीतरी पटींनी जास्त.

पण मुलीला आकडे सांगू नका, तिला वेळेचं सांगा. आपल्याला रस्त्यावर आत्ता जे आहे तेच दिसतं, कुत्र्याला मघाशी कोण होतं तेही कळतं. माग काढणाऱ्या कुत्र्यांवर प्रयोग झालेत, कोणी चालत गेलं असेल तर फक्त पाच पावलं हुंगून तो माणूस कोणत्या दिशेने गेला हे ती ओळखतात, म्हणजे पहिल्या आणि पाचव्या पावलात जो एक-दोन सेकंदांचा फरक, तोसुद्धा त्यांना वासात लागत असावा! तसं नाक मिळालं तर जिन्यात पाय ठेवल्या ठेवल्या शेजारच्या काकू नुकत्याच वर गेल्यात हे तुम्हाला कळेल, घरात कोणी नसलं तरी घर रिकामं वाटणार नाही, सकाळी गेलेली माणसं दुपारीही थोडी थोडी तिथेच असतील. खांबापाशी मोती वेळ काढत नसतो, तिथे कोण येऊन गेलं, केव्हा, नर की मादी, हे सगळं बघत असतो, म्हणून पट्टा ओढू नका, फेरी छोटी करा हवं तर पण हुंगू द्या.

आपलं नाकही अगदीच टाकाऊ नाही बरं का. अमेरिकेत बर्कले विद्यापीठात डोळे बांधून, कान झाकून माणसांना गवतावर रांगायला लावलं होतं, चॉकलेटचा वास लावलेला दोरा हुंगत त्यांच्यातल्या दोन-तृतीयांश जणांनी माग काढला आणि सरावाने त्यांचा वेगही वाढला. मुलीबरोबर घरात करून बघा, डोळे बांधायचे आणि हिंग लावलेली सुतळी फरशीवर टाकायची, गुडघ्यांवर रांगत शोधायची, खूप मजा येईल तिला.

राहिलं आंघोळीचं. मातीत का लोळतो याचं एकच पक्कं कारण देता येत नाही, पण ज्याचं नाक इतकं तिखट त्याला अंगभर गुलाबाचा वास सोसवत नसेल असंच मला वाटतं. तेव्हा कुत्र्यांसाठीचा बिनवासाचा शॅम्पू आणा आणि किती दिवसांनी घालायची ते व्हेटला विचारून घ्या.