नाक्सोसवर अचानक मोकळा मिळालेला दिवस

प्रश्न असा आहे : ग्रीसच्या एखाद्या बेटावर वाऱ्यामुळे बोट रद्द झाली आणि एक दिवस हातात उरला, तर प्राचीन अवशेष पाहण्यासाठी तो कसा घालवावा?

आपण बेटाचे नाव दिलेले नाही, म्हणून मला असा दिवस जिथे मिळाला त्या नाक्सोसबद्दल लिहिते. माझे उत्तर एवढेच, की बंदराजवळच्या गावात थांबून राहू नका. गाडी भाड्याने घ्या आणि बेटाच्या आतल्या भागातल्या संगमरवराच्या जुन्या खाणींकडे जा. आम्हाला त्या दिवशी बोटीने डेलोस या प्राचीन अवशेषांच्या बेटावर जायचे होते, परंतु एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून जो मेल्तेमी वारा वाहतो त्याने जोर धरला होता, आणि असा वारा वाढला की लहान बोटी सर्वांत आधी थांबवल्या जातात. त्यात कोणाचाही दोष नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्या बाजूला जाणाऱ्याने अशा एखाद्या दिवसाची तयारी ठेवूनच निघावे.

नाक्सोस हे सिक्लडीझ द्वीपसमूहातले सर्वांत मोठे बेट आहे. बंदरात शिरताना एका छोट्या टेकाडावर नुसतीच उभी असलेली संगमरवरी चौकट दिसते, तिला पोर्तारा म्हणतात. इ.स.पू. 530 च्या सुमारास लिग्दामिस या सत्ताधीशाच्या काळात अपोलोचे एक भव्य देऊळ बांधायला घेतले गेले, त्याची सत्ता गेल्यावर ते अपुरे राहिले, आणि पुढच्या शतकांत लोकांनी त्याचे दगड इतर बांधकामांसाठी उचलून नेले. चौकटीचे दगड तेवढे उरले, कारण त्यांतला एकेक दगड सुमारे 20 टनांचा आहे. सगळे प्रवासी संध्याकाळी सूर्यास्ताच्या छायाचित्रासाठी तिथे गर्दी करतात. माझा सल्ला आहे की सकाळी जा आणि अगदी जवळून पाहा : दगडांच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी जाड उंचवटे तसेच राहिलेले दिसतात. दगड हलवताना-बसवताना असे उंचवटे ठेवण्याची आणि काम पुरे झाल्यावर ते तासून टाकण्याची रीत होती. इथे तासणारे हात पोचलेच नाहीत.

हे एकदा लक्षात आले की उरलेल्या दिवसाची दिशा आपोआप ठरते, कारण नाक्सोसवर जे अर्धवट राहिले आहे तेच सर्वांत जास्त बोलके आहे. अजिंठ्याचे 24 क्रमांकाचे अपुरे लेणे ज्यांनी थांबून पाहिले असेल, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

गावापासून दहा-बारा किलोमीटरवर मेलानेसच्या खोऱ्यात फ्लेरिओ नावाची जागा आहे. तिथे झाडांच्या सावलीत, एका बागेसारख्या आवारात, इ.स.पू. सहाव्या शतकातला एक कुरोस, म्हणजे उभ्या नग्न तरुणाचा पुतळा, पाठीवर आडवा पडलेला आहे. त्याचा एक पाय मोडलेला आहे. खाणीतून खाली आणताना तो मोडला असावा आणि म्हणून पुतळा तिथेच सोडून दिला असावा, असा सर्वसाधारण समज आहे, आणि जागा पाहिल्यावर तो पटतो. खाणीतच पुतळ्याला ढोबळ आकार द्यायचा, म्हणजे वाहून न्यायचे वजन कमी होते, आणि बारीक काम मुक्कामी पोचल्यावर करायचे, अशी ती पद्धत होती. त्यामुळे या पुतळ्याला खांदे आहेत, मांड्या आहेत, पण चेहऱ्याची ठेवण पुरती उमटलेली नाही. वर डोंगरावर चढून गेल्यास दुसरा एक कुरोस पाहता येतो. चढण थोडी उन्हाची आहे, तरी ती टाळू नये.

अपोलोनास या उत्तरेकडच्या गावाजवळची मूर्ती मात्र वेगळ्याच मापाची आहे. रस्त्यालगतच्या पायऱ्या चढून गेलो की खाणीच्या उतारावर सुमारे साडेदहा मीटर लांबीचा देह आडवा दिसतो. त्याचे वजन 80 टनांच्या आसपास सांगतात. पूर्वी त्याला अपोलो समजत. हनुवटीखालचा दगडाचा पुढे आलेला भाग दाढीचा असल्याचे ध्यानात आल्यावर तो दाढीवाला मद्यदेव डायोनिसस असावा, असे आता मानले जाते. मी त्याच्या बाजूने हळूहळू चालत गेले तेव्हा टाकीचे घाव एकाला लागून एक असे स्पष्ट दिसत होते. काही ठिकाणी दगडात पावसाचे पाणी साचून खळगे झाले आहेत, पण बगलेच्या बाजूला, जिथे हात धडापासून सुटा करायला सुरुवात झाली होती, तिथली खाच अजूनही सरळ आणि धारदार वाटते. कोणत्याही संग्रहालयातल्या गुळगुळीत पुतळ्याने मला त्या पाथरवटांच्या इतके जवळ नेलेले नाही.

संगमरवर गुळगुळीत करायला लागणारी एमरी, म्हणजे कुरुंदाच्या जातीचा काळपट कठीण दगड, तीही याच बेटावर मिळते. दगड, तो घासायचे साधन आणि समुद्राचा रस्ता, हे तिन्ही जवळ असल्यामुळेच नाक्सोसच्या लोकांनी डेलोसवर संगमरवरी सिंहांची रांग उभी केली आणि डेल्फी या अपोलोच्या तीर्थस्थानी उंच खांबावरचा स्फिंक्स, म्हणजे सिंहाच्या धडाची आणि स्त्रीच्या डोक्याची मूर्ती, अर्पण केला.

अंगमेहनतीच्या या अपुऱ्या खुणांच्या जोडीला, पुरे झालेले काम कसे दिसत असे, हे पाहायला सांग्री गावाच्या दक्षिणेचे डिमीटरचे देऊळ आहे. तेही इ.स.पू. 530 च्या सुमारासचे. डिमीटर ही धान्याची देवी, आणि देऊळही शेतांच्या मधोमध आहे. खांब, भिंतीच नव्हे तर छताच्या तुळया आणि कौलेसुद्धा संगमरवराची होती, आणि पातळ कौलांतून आत मंद उजेड झिरपत असे. पुढे त्याचे चर्च झाले, नंतर पडझड झाली. पण मूळ दगड बरेचसे तिथेच सापडल्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची काळजीपूर्वक पुनर्रचना करता आली. जुने दगड आणि नवे दगड रंगावरून ओळखू येतात, आणि अशी प्रामाणिक दुरुस्ती मला फार मोलाची वाटते. आवारातले छोटे संग्रहालय चुकवू नका, कारण छताची रचना तिथे नीट समजते.

क्रम ठरवताना एवढे ध्यानात ठेवा : सांग्रीचे देऊळ ठरावीक वेळेतच उघडे असते, त्यामुळे पोर्तारानंतर थेट तिकडे जा, तिथून फ्लेरिओ, आणि अपोलोनास शेवटी. अपोलोनासचा रस्ता वळणावळणाचा आहे आणि अंतराच्या मानाने वेळ खूप घेतो, म्हणून परतीचा डोंगरी भाग उजेडातच पार करा. वाटेत आपिरांथोस हे संगमरवरी फरशांच्या गल्ल्यांचे गाव लागते, तिथे जेवायला थांबणे सोयीचे पडते. पाणी, टोपी आणि घट्ट तळव्याचे बूट बरोबर हवेतच, कारण खाणीच्या उतारावर वाऱ्याच्या दिवशी पाय ठरत नाहीत.