वाचकांचे प्रश्न : पंधरा तारखेचा पाऊस नक्की कुठल्या दिवसाचा?

पर्यावरणाच्या आकडेवारीसाठी सिमँटिक तंत्रज्ञान कसे शिकवावे, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न. हा शब्द ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: तक्त्यातला स्तंभ, एकक, ठिकाण आणि वेळ यांचा अर्थ यंत्रालाही वाचता यावा म्हणून त्या प्रत्येकाला जालपत्त्यासारखी एक कायमची ओळख देतात. तिला आयआरआय म्हणतात. या ओळखींची ‘कोण – काय – कशाचे’ अशी तीन भागांची वाक्ये लिहिली की झाले आरडीएफ.

प्रश्न : पर्यावरणशास्त्राच्या वीस संशोधक विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. सुरुवात प्रोटेजे या सॉफ्टवेअरमध्ये ऑन्टॉलॉजी (संकल्पना आणि त्यांच्यातल्या नात्यांचा आराखडा) बांधण्यापासून करावी का?

नको. पहिल्या दिवशी प्रोटेजे उघडूच नका. आपल्याच तक्त्यातल्या ‘नायट्रेट’ या स्तंभात नेमके काय भरले आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याने वर्ग-उपवर्गांची उतरंड रचून काही साधत नाही. शिकवायचे आहे ते असलेले शब्दसंग्रह, म्हणजे आधीच ओळख दिलेल्या संज्ञांच्या याद्या, वापरायला. नवे बांधणे हा वेगळा, पुष्कळ पुढचा विषय आहे.

प्रत्येकाला स्वतःचा तक्ता आणायला सांगा, पण कापून: ३० ते ५० ओळी, फार तर सहा स्तंभ. पहिली सकाळ कागद-पेन्सिलीची. एकच स्तंभ घ्यायचा आणि त्याचे तुकडे पाडायचे. मापलेला गुण कोणता? कोणत्या पदार्थाचा? तो कशात मिसळलेला होता? काही अट होती का? रिसर्च डेटा अलायन्स या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या एका गटाने बनवलेली आय-अडॉप्ट ही चौकट याच प्रश्नांवर उभी आहे. ‘नायट्रेट, मि.ग्रॅ./लिटर’ हे मग असे उलगडते: वस्तुमान-संहती, नायट्रेटची, भूजलातली, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेल्या नमुन्यातली. इथेच विचारा, आकडा नायट्रेट म्हणून दिलाय की त्यातला नायट्रोजन म्हणून? दोहोंत ४.४३ पटींचा फरक आहे (६२ भागिले १४). पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली ४५ ही मर्यादा नायट्रेटची, अमेरिकेतली १० ही नायट्रोजनची; म्हणजे दोन्ही जवळपास सारख्याच. हे उदाहरण फळ्यावर मांडले की ‘ओळख कशाला हवी?’ हा प्रश्न पुन्हा कोणी विचारत नाही.

त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी तयार शब्द शोधायला लावा. मापनांसाठी ब्रिटनचा नर्क व्होकॅब्युलरी सर्व्हर, परिसर आणि माध्यमांसाठी एन्व्हो, एककांसाठी क्यूयूडीटी. या कामाला दीड तास ठेवा. लोक इथेच अडतात. शब्दाचे नाव पाहून भुलू नका, व्याख्या वाचा, हे दहादा सांगावे लागते.

दुपारी ओपनरिफाइन या तक्ते साफ करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सफाई. त्याला वरून जोडायचे आरडीएफचे एक्स्टेन्शन ओपनरिफाइनच्या आवृत्तीशी जुळली नाही तर चालत नाही, म्हणून पर्याय हाताशी ठेवा: निर्यातीतल्या ‘टेम्प्लेटिंग’ने साध्या मजकुराच्या रूपात टर्टल (आरडीएफ लिहिण्याची एक पद्धत) फाइल काढता येते. दुसऱ्या दिवशी ती फाइल जेना फ्युसेकी या आरडीएफ साठवणाऱ्या सर्व्हरमध्ये चढवा, स्पार्कल या प्रश्नभाषेत प्रश्न विचारा आणि शेवटी शॅकल या नियम लिहिण्याच्या भाषेने तपासणी करा: प्रत्येक नोंदीला एकक आहे ना, किंमत संख्याच आहे ना.

ही सगळी सॉफ्टवेअर आदल्या आठवड्यात उतरवून घ्यायला सांगा. फ्युसेकीच्या पाचव्या मालिकेला जावा १७ किंवा त्यापुढची लागते. ओपनरिफाइन ३३३३ क्रमांकाच्या पोर्टवर उघडते आणि फ्युसेकी ३०३० वर. दोन्ही ब्राउझरमध्येच दिसत असल्याने हमखास गोंधळ होतो. फ्युसेकीत डेटासेट बनवताना ‘इन-मेमरी’ निवडला तर फ्युसेकी बंद होताच सारे पुसले जाते. कायमस्वरूपीचा पर्याय घ्या, नाहीतर जेवणाच्या सुट्टीनंतर निम्मा वर्ग पुन्हा पहिल्या पायरीवर. सहा-सात जणांमागे एक मदतनीस हवाच.

प्रश्न : पर्जन्यमापकाचा रोजचा पाऊस आणि उपग्रहाचा रोजचा पाऊस सोसा (निरीक्षणे नोंदवण्याचा शब्दसंग्रह) वापरून जोडला. आकडे जुळत नाहीत. कधी कधी तर एका दिवसाने सरकल्यासारखे वाटतात. चूक कुठे?

तारखेत. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीत १५ जुलैचा पाऊस म्हणजे १४ जुलैच्या सकाळी ८.३० पासून १५ जुलैच्या सकाळी ८.३० पर्यंत पडलेला. नोंद शेवटच्या दिवसाच्या नावे होते. मुसळधार पाऊस चौदाच्या रात्री पडला, तरी नोंदीत तो पंधराचा. नासाच्या आयमर्ग या उपग्रहांवर आधारित संचातला दैनिक पाऊस मात्र जागतिक वेळेच्या मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे ५.३० ते पुढच्या पहाटे ५.३०. त्यात १५ जुलैचा आकडा पंधराच्या पहाटे सुरू होणाऱ्या दिवसाचा. सारख्या तारखेच्या या दोन आकड्यांत सामाईक असतात ते फक्त तीन तास!

सोसात याची सोय पहिल्यापासून आहे. ‘फेनॉमेनन टाइम’ म्हणजे घटना घडली तो काळ आणि ‘रिझल्ट टाइम’ म्हणजे निष्कर्ष हाती आला तो क्षण. बहुतेक जण दोन्हीकडे एकच तारीख चिकटवतात. तुमच्या नोंदीत रिझल्ट टाइम १५ जुलै सकाळी ८.३०, अधिक ५.३० या वेळक्षेत्रासह, असा हवा. फेनॉमेनन टाइम हा क्षण नव्हे, सुरुवात आणि शेवट असलेला कालखंड लिहायचा. त्यासाठी आउल-टाइम हा शब्दसंग्रह आहे. नुसती तारीख लिहिली तर यंत्राने मध्यरात्र ते मध्यरात्र धरली, यात त्याचा काय दोष?

जोडणीसाठी आयमर्गचे दैनिक आकडे सोडून अर्ध्या तासाचे घ्या. आपले ८.३० म्हणजे जागतिक वेळेचे ३.००. तिथून पुढचे ४८ अर्धे तास मिळवले की मापकाच्या दिवसाशी अचूक बसतात. एक खबरदारी घ्या: अर्ध्या तासाच्या फायलींत मिलिमीटर प्रति तास असा दर असतो, म्हणून प्रत्येक आकडा निम्मा करूनच बेरीज करायची.

प्रश्न : पीएम २.५ साठाच्या वर गेलेले दिवस स्पार्कलने मागवले. त्रुटी दाखवत नाही, पण उत्तर रिकामे. तक्त्यात तर असे दिवस दिसतात.

तुमच्या किंमती संख्या नसून मजकूर आहेत. टर्टलमध्ये ७२.४ अवतरणचिन्हांत लिहिले आणि प्रकार सांगितला नाही, की ती अक्षरमाळा होते. अक्षरमाळेची तुलना ६० या संख्येशी होत नाही. फिल्टरमध्ये प्रकाराची चूक झाली की स्पार्कल ती ओळ निमूट गाळतो, तक्रार करत नाही. निदानासाठी फिल्टर काढा, ‘लिमिट १०’ लावा आणि प्रत्येक किमतीवर ‘डेटाटाइप’ हे फलन चालवून पाहा. दशांश किंवा पूर्णांक संख्येऐवजी ‘स्ट्रिंग’ दिसले, की दुखणे सापडले.

मराठी तक्त्यांत याचेच एक भावंड भेटते. देवनागरी अंकांत लिहिलेली किंमत दशांश संख्या म्हणून जाहीर केली तरी ती ग्राह्य नसते, कारण त्या प्रकारात फक्त रोमन लिपीसोबतचे अंक चालतात. परिणाम तोच, ओळ गायब. अंक ओपनरिफाइनमध्येच बदलून घ्या. आणि ‘आढळले नाही’च्या जागी शून्य किंवा उणे ९९९ भरू नका. सरासरीचे वाटोळे होते.

प्रश्न : ‘वाऱ्याचा वेग’ असे नाव शोधले तर निम्म्याच नोंदी मिळतात. डोळ्यांना सर्व नावे सारखीच दिसतात.

ऱ्या दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, एकदा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर फरक नाही, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. सफाईत एकच तऱ्हा ठेवा. खरा इलाज म्हणजे नावावर जोडणी न करता आयआरआयवर करणे. स्कॉस या संकल्पनांच्या याद्या मांडण्याच्या शब्दसंग्रहात मुख्य मराठी नाव प्रत्येक संकल्पनेला एकच, बाकीची पर्यायी म्हणून लिहा. नावाला मराठीची भाषाखूण लावली असेल तर शोधतानाही ती द्यावी लागते, नाहीतर नाव जुळत नाही.

प्रश्न : ‘चोपण’ जमिनीसाठी आंतरराष्ट्रीय संग्रहातल्या ‘सोडिक’ (सोडियम जास्त असलेल्या) मातीशी स्कॉसमधले ‘एक्झॅक्ट मॅच’ (तंतोतंत तीच संकल्पना) जोडावे का?

‘क्लोज मॅच’ (जवळपास तीच संकल्पना) जोडा. गावात चोपण आणि खारवट हे शब्द बऱ्याचदा एकमेकांत मिसळून वापरले जातात, प्रयोगशाळेत तसे चालत नाही. ‘एक्झॅक्ट मॅच’ साखळीने पुढे सरकते (अ म्हणजे ब, ब म्हणजे क, तर अ म्हणजे क), म्हणून एक ढिला दुवा तुमच्या नोंदी भलत्याच मातीला नेऊन चिकटवतो. विनिमययोग्य (मातीच्या कणांना धरून असलेल्या) सोडियमचे प्रमाण मोजलेले असेल, तर तो आकडाच स्वतंत्र निरीक्षण म्हणून नोंदवा.

प्रश्न : पुण्याचे केंद्र नकाशावर समुद्रात दिसते!

अक्षांश-रेखांशांची अदलाबदल. जिओस्पार्कलमध्ये (स्पार्कलची नकाशांसाठीची जोड) वेगळी संदर्भप्रणाली सांगितली नाही तर रेखांश आधी येतो: ७३.८५, मग १८.५२. उलटे लिहिले की पुणे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या आसपास जाऊन पडते.