मॉड्यूल लोडच्या खाली लिहिलेली वेळ

प्रश्न : स्लर्मच्या (क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या अनेक संगणकांवर, कामं रांगेत लावणाऱ्या प्रणालीच्या) स्क्रिप्टमध्ये ‘#एसबॅच’च्या ओळीत सहा तास मागितले, तरी काम पार्टिशनच्या (क्लस्टरमधल्या संगणकांच्या गटाच्या) एका तासाच्या डिफॉल्ट मर्यादेवरच तुटतं. एररही येत नाही. असं का?

उत्तर : ती ओळ बहुधा ‘मॉड्यूल लोड’च्या, म्हणजे लागणारं सॉफ्टवेअर उपलब्ध करणाऱ्या कमांडच्या, खाली आहे. पहिली खरी कमांड दिसली की एसबॅच (स्क्रिप्ट सबमिट करणारी कमांड) पुढचे पर्याय वाचतच नाही. शेलच्या (स्क्रिप्टमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी त्या ओळी नुसत्या कॉमेंट, म्हणून एरर नाही. सगळे पर्याय शेबँगच्या, म्हणजे ‘#!’ने सुरू होणाऱ्या पहिल्या ओळीच्या, लगेच खाली घ्या. तिथे शेलचे व्हेरिएबल मात्र चालत नाहीत, कारण शेल सुरू होण्याआधीच त्या ओळी वाचलेल्या असतात. बदलती किंमत कमांड लाइनवर द्या; ती स्क्रिप्टमधल्या पर्यायावर मात करते. आणि वेळ नुसती ‘6’ लिहिलीत तर सहा मिनिटंच मिळतील, ‘6:00:00’ लिहा. सबमिट केल्यावर ‘एसकंट्रोल शो जॉब’ या कामाची माहिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये टाइमलिमिट तपासाच.